निळा स्वेटर, लाल गाव

कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर काही वर्षं एका गोष्टीची सुरुवात छापलेली होती. 2002 साली आलेली ती निळी नोट. एका बाजूला माजी पंतप्रधान, दुसऱ्या बाजूला बर्फावर हॉकी खेळणारी मुलं, आणि त्यांच्या शेजारी बारीक अक्षरात, फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, रॉक कारिए या लेखकाची दोन-चार वाक्यं. 2013 मध्ये प्लास्टिकची नवी नोट आली आणि ती वाक्यं गेली. गोष्ट मात्र कुठेही गेली नाही. ती शाळांमध्ये वाचली जाते, ऑर्केस्ट्राच्या साथीने रंगमंचावर सादर होते, नाताळात भेट म्हणून दिली जाते. इंग्रजीत तिचं नाव 'द हॉकी स्वेटर'.

तिच्याबद्दल कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: किती गोड गोष्ट आहे!

माझं म्हणणं असं की ही गोष्ट गोड नाहीच. ती चिडलेली आहे, आणि तिचा राग दोन दिशांना आहे. त्यातली एक दिशा कॅनडाने नोटेवर छापून बोथट केली. दुसऱ्या दिशेकडे आपण चाहते बघायलाच तयार नसतो, कारण तिकडे आपणच उभे असतो.

'आपण' म्हणतोय, कारण या गोष्टीतल्या संघाचा मी गेली आठ वर्षं चाहता आहे. पुण्यात बसून. मॉन्ट्रियलमध्ये संध्याकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. मोसमात 82 सामने, त्यापुढे नशिबात असतील तर प्लेऑफ. बर्फ मी फक्त फ्रिजमध्ये पाहिलेला, स्केट्स पायात कधी घातलेले नाहीत. तरी मॉन्ट्रियल हरलं की माझी सकाळ जाते. असं का होतं याचं उत्तर शोधताना मी या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जातो.

गोष्ट काय आहे

1946 चा हिवाळा, क्वेबेक प्रांतातलं सेंट-जस्टीन हे छोटं गाव. मुलांच्या आयुष्यात तीनच जागा: शाळा, चर्च आणि हॉकीची रिंक. खरं जगणं फक्त रिंकवर. गावातल्या प्रत्येक मुलाच्या अंगात एकच स्वेटर: मॉन्ट्रियल कानादियँचा लाल-पांढरा-निळा, पाठीवर 9 नंबर. हा नंबर मोरीस रिशारचा. मुलं केस त्याच्यासारखे चोपून बसवतात, बुटांच्या नाड्या त्याच्यासारख्या बांधतात, काठीला टेप त्याच्यासारखी गुंडाळतात. दोन्ही बाजूंचे सगळे खेळाडू रिशारच. (हॉकीच्या जर्सीला तिकडे अजूनही 'स्वेटर' म्हणतात, कारण तेव्हा त्या खरोखरच लोकरीच्या असत.)

निवेदक मुलाचा स्वेटर तोकडा होतो, फाटतो. आई मानी. गावातल्या दुकानातलं तिला चालत नाही, तिला ईटन कंपनीच्या कॅटलॉगमधलंच हवं. पण कॅटलॉगमधला फॉर्म इंग्रजीत आणि तिला इंग्रजीचा शब्द येत नाही. मग ती फॉर्म बाजूला ठेवते आणि कागद घेऊन मास्तरणीच्या सुबक अक्षरात सरळ 'मस्यू ईटन' यांना फ्रेंचमध्ये पत्र लिहिते. मुलगा दहा वर्षांचा आहे, वयाच्या मानाने उंच आहे, डॉक्टरांच्या मते जरा बारीक आहे. सोबत तीन डॉलर पाठवतेय, उरलेले परत करा. आणि यावेळी पार्सल जरा नीट बांधा.

पार्सल येतं. आत टोरंटो मेपल लीफ्सचा निळा स्वेटर. वैऱ्याचा.

मुलगा रडतो, घालणार नाही म्हणतो. आई म्हणते की परत पाठवला तर मस्यू ईटनना राग येईल. ते इंग्रज आहेत, त्यांना मेपल लीफ्स आवडत असणार. रागावले तर उत्तर कधी देतील? तोवर वसंत येईल, बर्फ वितळेल आणि तू एकही सामना खेळलेला नसशील. मुलगा निळा स्वेटर घालून रिंकवर जातो. कप्तान त्याला बसवून ठेवतो. शेवटी एका मुलाच्या नाकाला लागतं, तेव्हा हा बर्फावर उडी मारतो, तर पंच शिट्टी मारतो: खेळाडू जास्त झाले, शिक्षा. पंच म्हणजे गावचे तरुण पाद्री. मुलगा संतापून काठी बर्फावर आपटतो, ती मोडते. पाद्री त्याला सुनावतात आणि चर्चमध्ये जाऊन देवाची क्षमा मागायला सांगतात. तो जातो आणि देवाकडे मागणं मागतो: कसर पाठव, भरपूर पाठव, हा स्वेटर खाऊन टाकू दे.

इथे गोष्ट संपते. फार तर सात-आठ पानं.

नावात बरंच काही आहे

1979 मध्ये कॅनडाच्या सरकारी प्रसारणसंस्थेने, सीबीसीने, कारिएला विचारलं: क्वेबेकला नेमकं हवंय तरी काय? तो काळ आठवा. 1976 च्या नोव्हेंबरात वेगळं राष्ट्र मागणारा पार्टी क्वेबेक्वा निवडून आला होता. 1977 मध्ये फ्रेंचला सार्वजनिक व्यवहाराची भाषा करणारा कायदा झाला होता. स्वातंत्र्यावरचं सार्वमत मे 1980 मध्ये व्हायचं होतं. इंग्रजी कॅनडा घाबरलेला होता आणि फ्रेंच शेजाऱ्याकडून त्याला खुलासा हवा होता. कारिएने वैचारिक लेख लिहायचा प्रयत्न केला, जमेना. मग त्याने लहानपणची ही गोष्ट लिहिली.

फ्रेंचमध्ये तिचं आधीचं नाव होतं 'बर्फावरचं एक किळसवाणं मेपलचं पान'. मेपलचं पान 1946 मध्ये टोरंटोच्या संघाचं चिन्ह होतं. पण 1965 पासून ते कॅनडाच्या राष्ट्रध्वजावर आहे. म्हणजे 1979 च्या क्वेबेकमधल्या वाचकाने हे नाव वाचलं की त्याच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी दोन गोष्टी येत: वैरी संघ आणि देशाचा झेंडा. लेखकाला वेगळं काही बोलावंच लागलं नाही. लहान मुलाच्या तोंडून आलंय म्हणून रागवायचीही सोय नाही.

शीला फिशमन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद सुरेख आहे. 'मस्यू'चं त्यांनी 'मिस्टर' केलं नाही, ही फार शहाणी निवड. पण इंग्रजीत गोष्ट 'द हॉकी स्वेटर' झाली. किळसवाणं पान गेलं, स्वेटर राहिला. 1980 मध्ये नॅशनल फिल्म बोर्डसाठी शेल्डन कोहेनने तिचा सुंदर कार्टूनपट केला, त्याला बाफ्टा मिळालं. त्यात इंग्रजी निवेदनही कारिएचंच आहे, ठसठशीत फ्रेंच उच्चारांत. इंग्रजी प्रेक्षकांना तो आवाज विलक्षण आवडला. मला तिथेच खुपतं. ज्या भाषेत आई फॉर्म भरू शकत नव्हती त्याच भाषेत तिचा मुलगा अडखळत गोष्ट सांगतोय, आणि ऐकणाऱ्यांना त्या अडखळण्याचंच कौतुक वाटतंय. दुखणं सांगणाऱ्याचे उच्चार गोड वाटू लागले की दुखणं कुणी ऐकत नाही.

ही गोष्ट मराठीत सांगायला घेतली की एक अडचण येते, आणि ती फार बोलकी आहे. रोमन लिपीत त्या खेळाडूचं आडनाव एकाच तऱ्हेने लिहितात. वाचणारा इंग्रज असेल तर 'रिचर्ड' म्हणतो, फ्रेंच असेल तर 'रिशार'. देवनागरीत ही पळवाट नाही. लिहितानाच बाजू घ्यावी लागते. संघाच्या नावाचंही तेच: 'कॅनेडियन्स' की 'कानादियँ'? हा संघ 1909 मध्ये स्थापन झाला, म्हणजे आजची एनएचएल ही लीग जन्मायच्या आठ वर्षं आधी. त्या काळी 'कानादियँ' म्हणजे फ्रेंच बोलणारे आपण, आणि बाकीचे 'इंग्रज'. नावातच कुणाचा संघ ते सांगितलेलं होतं. मी रिशार आणि कानादियँ लिहितोय, ही माझी बाजू.

आणि हेही नोंदवायला हवं की ही गोष्ट मला भेटली ती इंग्रजीतून, म्हणजे मस्यू ईटनच्या फॉर्मच्या भाषेतून. मराठी वाचकाकडे जगातलं बहुतेक सगळं याच खिडकीतून येतं. त्यामुळे त्या आईची अडचण आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. इंग्रजी फॉर्मसमोर कानकोंडं झालेलं माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात असतं.

नऊ नंबर

रिशार कोण होता हे माहीत नसेल तर गोष्टीतली भक्ती अतिशयोक्ती वाटेल. 1944-45 च्या मोसमात त्याने 50 सामन्यांत 50 गोल केले, आधी कुणी केले नव्हते. कारकिर्दीत 544. पण आकडे सांगून तो कळत नाही. त्या काळातल्या मॉन्ट्रियलमध्ये बहुसंख्या फ्रेंचांची आणि कारखाने, बँका, मोठी दुकानं इंग्रजांची, असा मामला होता. फ्रेंच कामगार साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोले. आणि शनिवारी रात्री त्यांच्यातलाच एक कामगाराचा मुलगा, लालबुंद डोळ्यांनी, अंगावर आलेल्या दोघा-तिघांना ओढत नेत गोल करी.

13 मार्च 1955 ला बॉस्टनमधल्या सामन्यात मारामारी झाली आणि रिशारने एका लाइन्समनला ठोसा मारला. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेल्या मोसमासाठी आणि सगळ्या प्लेऑफसाठी बाहेर काढलं. 17 मार्चला डेट्रॉइटविरुद्ध मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये सामना होता. कॅम्पबेल स्वतः बघायला आले. त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो पडले. पहिला पिरियड संपताना मॉन्ट्रियल 4-1 ने मागे होतं. तेवढ्यात अश्रुधुराचं नळकांडं फुटलं, लोक बाहेर धावले, सामना डेट्रॉइटला बहाल झाला आणि सेंट कॅथरीन रस्त्यावर रात्रभर दुकानांच्या काचा फुटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी रिशारने रेडिओवरून शांततेचं आवाहन केलं. चार दिवसांनी 'ल देव्हार' या दैनिकात संपादक आंद्रे लोरांदो यांचा लेख आला. शीर्षकाचा अर्थ: माझ्या रिशारभावाला मारलं.

क्वेबेकच्या इतिहासात ही रात्र राजकीय जागृतीची पहिली ठिणगी म्हणून सांगितली जाते. रिशार स्वतः मात्र म्हणत राहिला की मी फक्त हॉकी खेळणारा माणूस आहे.

या प्रसंगाची एक शेपटी आहे, आणि ती नेहमी गाळली जाते. रिशार बाहेर बसला तेव्हा गुणांच्या यादीत तो पहिला होता. उरलेल्या सामन्यांत त्याचाच साथीदार बर्नी जोफ्रियों एका गुणाने पुढे गेला, 75 विरुद्ध 74. जोफ्रियों फ्रेंच, मॉन्ट्रियलचा, कानादियँचाच. त्याचा गुन्हा इतकाच की त्याने आपलं काम केलं. फोरममधल्या घरच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली.

ही शेपटी हातात धरून आता पुन्हा गोष्टीकडे जाऊ.

गोष्टीतला खलनायक कोण?

क्वेबेकी राष्ट्रवादी वाचन सांगतं: खलनायक मस्यू ईटन. इंग्रज भांडवल, इंग्रजी फॉर्म, आपल्या पोराच्या अंगावर जबरदस्तीने चढवलेलं पान. कॅनडाचं सरकारी वाचन सांगतं: खलनायक कुणीच नाही, पोस्टातली एक गंमत, दोन भाषांच्या देशातली एक हसरी चूक. पहिलं वाचन अर्धं खरं आहे. दुसरं आळशी आहे.

कारण ईटन गोष्टीत कुठे आहे? तो फक्त पार्सल पाठवतो. तो मुलाला बसवून ठेवत नाही, शिट्टी मारत नाही, चर्चमध्ये पाठवत नाही. हे सगळं गाव करतं. कप्तान फ्रेंच, पाद्री फ्रेंच, नऊ नंबरचे स्वेटर घातलेली पोरं फ्रेंच. परवापर्यंत हा मुलगा त्यांच्यातलाच एक रिशार होता. तो मुलगा तोच आहे, त्याची आई तीच आहे, भाषा तीच आहे. फक्त लोकर बदलली. तेवढ्याने तो बाहेरचा ठरला. त्यावर पाद्री त्यालाच ऐकवतात की तुझा स्वेटर इतरांपेक्षा वेगळा आहे म्हणून कायदे तू करणार नाहीस. ज्याला वेगळेपणाची शिक्षा होतेय त्याच्यावरच वेगळेपणाच्या माजाचा आरोप. बहुसंख्येची ही चाल जगातल्या सगळ्या गावांना येते.

कारिएचं मोठेपण मला इथे दिसतं. इंग्रजांना उत्तर द्यायला बसलेल्या लेखकाने आपल्याच गावाचा गणवेशही उघडा केला. दुखावलेला समाज आपल्यातल्या दुबळ्याला कसं दुखावतो हे त्याने एका रिंकवर दाखवलं, आणि तेही कुणावर न ओरडता. जोफ्रियोंची हुर्यो उडवणारे चाहते आणि निळ्या स्वेटरातल्या पोराला बाकावर बसवणारा कप्तान, एकाच घरचे.

चाहता म्हणून हे वाचताना अवघडायला होतं. आपल्याकडे आयपीएलच्या मोसमात मोबाइल उघडला की हे रोज दिसतं. कप्तान बदलला म्हणून आपल्याच मैदानावर आपल्याच खेळाडूची हुर्यो उडवणारे, वर त्यालाच निष्ठा म्हणणारे. संघावरचं प्रेम खरंच असतं. पण त्या प्रेमाची परीक्षा कायम दुसऱ्या कुणालातरी द्यावी लागते.

गोष्टीत मला एक उणीवही दिसते. रिंकवर एकही मुलगी नाही. 1946 चं गाव म्हणून ते खरं असेल, पण 1979 च्या लेखकाला हे रिकामपण जाणवल्याची खूण कुठे सापडत नाही. गोष्टीतली एकमेव बाई म्हणजे आई, आणि गंमत म्हणजे ती एकटीच चाहती नाही. तिच्या दृष्टीने स्वेटर म्हणजे थंडीत घालायचं कापड, माणसाचं मोल डोक्यात काय आहे त्यावरून. सगळ्या गावात भक्तीच्या बाहेर उभी राहून विचार करू शकणारी ती एकटी. आणि तरी हरते तीच. कारण पोराने स्वेटर घातला नाही तर मस्यू ईटन रागावतील हा तिचा हिशोब तद्दन गुलामीचा आहे, हे तिला कळत नाही, किंवा कळूनही इलाज नाही. इतकी मानी बाई, पार्सल नीट बांधा म्हणून दटावणारी, आणि चुकीचा माल परत पाठवायची मात्र हिंमत नाही. एवढ्या छोट्या गोष्टीत कारिएने हे विसंगत माणूस अख्खं उभं केलंय. गोष्टीतलं सर्वांत चांगलं पात्र कोणतं म्हणाल तर मी तिचं नाव घेईन.

रिंकवरचं रिकामपण भरून निघायला बराच काळ लागला. 20 एप्रिल 2024 ला बायकांच्या व्यावसायिक लीगमधला मॉन्ट्रियल विरुद्ध टोरंटो हा सामना मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये झाला, तेव्हा 21,105 लोक बघायला होते. मॉन्ट्रियलची कप्तान मारी-फिलिप पुलँ ही बोसव्हिलची, म्हणजे कारिएच्या सेंट-जस्टीनच्याच भागातली. तो सामना टोरंटोने जिंकला की मॉन्ट्रियलने हे मी मुद्दाम सांगत नाही.

स्वेटरच्या आतला माणूस

कारिए बाहेरून सांगतो, बाकावरून. स्वेटरच्या आत काय असतं हे सांगणारं पुस्तक म्हणजे केन ड्रायडनचं 'द गेम', 1983 चं. ड्रायडन कानादियँचा गोलकीपर. 1971 ते 1979 या काळात त्याने सहा स्टॅन्ली कप जिंकले. मूळचा टोरंटोच्या उपनगरात वाढलेला, म्हणजे ऐन मेपल लीफ्सच्या मुलखातला, इंग्रजी बोलणारा. खेळत असतानाच त्याने मॅकगिलमधून कायद्याची पदवी घेतली. 1973-74 चा अख्खा मोसम न खेळता टोरंटोत वकिलीची उमेदवारी केली. 31 व्या वर्षी, ऐन भरात, निवृत्त झाला. पुढे मेपल लीफ्सचा अध्यक्ष झाला, केंद्रात मंत्री झाला. 2025 च्या सप्टेंबरमध्ये तो गेला.

खेळाडूंच्या आत्मचरित्रांची आपल्याला सवय आहे: गरिबी, कष्ट, संधी, विजय, आभार. ड्रायडन यातलं काहीच करत नाही. शेवटच्या मोसमातले काही दिवस तो घेतो आणि बस, विमानतळ, हॉटेल, ड्रेसिंग रूम यांतून हिंडत विचार करत राहतो. इतकं जिंकल्यावर जिंकण्यात आनंद उरत नाही, उरते ती हरण्याची भीती, हे तो थंडपणे सांगतो. ग्यी लाफ्लरबद्दल लिहिताना त्याला गोलांपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते लाफ्लरचं सगळ्यांच्या आधी येऊन एकट्याने बर्फावर खेळत राहणं. त्यातून त्याचा मोठा मुद्दा येतो: मुलांना परसात, नदीवर, मोकळ्या वेळात एकटं खेळायला मिळायला हवं. लीग, कोचिंग, वेळापत्रक यांत खेळ शिकता येतो, पण तो आपला होत नाही. क्लासला जाणाऱ्या कुठल्याही मुलाला हे कळेल.

पुस्तकात मला जाणवतं ते त्याचं पाहुणेपण. फ्रेंच सहकाऱ्यांबद्दल तो आदराने, बारकाईने लिहितो, पण त्यांच्या हसण्याच्या आत तो नसतो. शहर बदलतंय, भाषेचं राजकारण तापलंय, आणि याला दिसतं की आपण ज्यांचे देव आहोत त्यांच्या भाषेत आपल्याला मोकळं बोलताही येत नाही. कारिएच्या मुलाच्या अंगावर चुकीचा स्वेटर होता आणि आत योग्य माणूस. ड्रायडनच्या अंगावर योग्य स्वेटर आणि आत, गावाच्या हिशोबाने, चुकीचा माणूस. लोकांनी याला डोक्यावर घेतलं आणि त्याला बाकावर बसवलं. दोन पुस्तकं शेजारी ठेवली की कळतं, चाहता माणूस बघत नाही, लोकर बघतो.

हे तिथेच थांबलेलं नाही. डिसेंबर 2011 मध्ये कानादियँनी फ्रेंच न येणारा रँडी कनीवर्थ हंगामी प्रशिक्षक नेमला, तेव्हा बेल सेंटरबाहेर निदर्शनं झाली. मोसम संपल्यावर फ्रेंच बोलणारा प्रशिक्षक आला. आणि मे 2021 मध्ये एडमंटनविरुद्ध कानादियँ बर्फावर उतरले तेव्हा संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच त्यांच्यात क्वेबेकमध्ये जन्मलेला एकही खेळाडू नव्हता. ज्या नावाचा अर्थच 'आपली फ्रेंच माणसं' असा होता, त्या संघात त्या रात्री त्या मातीतला कुणी नव्हता. जर्सी मात्र तीच.

पुढच्याच महिन्यात हाच संघ टोरंटोला 3-1 अशा पिछाडीवरून हरवून, पुढे जात जात, फायनलला पोचला. फायनलचं तिकीट मिळालं ते 24 जूनला, सेंट-जाँ-बातीस्तच्या दिवशी, म्हणजे क्वेबेकच्या राष्ट्रीय सणाला. जादा वेळेतला निर्णायक गोल केला फिनलंडच्या आर्तुरी लेहकोनेनने. कोविडमुळे आत फक्त 3,500 माणसं, बाहेर रस्त्यांवर हजारो. पुण्यात 25 जूनची सकाळ होती आणि मी आवाज बंद करून मोबाइलवर बघत होतो, घरचे उठू नयेत म्हणून. फायनलमध्ये टँपा बेने आम्हाला पाच सामन्यांत संपवलं. 1993 चा चोविसावा कप, आणि त्यापुढे तीस वर्षं मोकळ्या हाताने.

'आम्हाला'. हा शब्द मी कुठल्या हक्काने लिहितो?

भाषेचा हक्क

या प्रश्नाचं उत्तर मला या दोन्ही पुस्तकांत मिळत नाही. कारिएच्या गावात संघ जन्माने मिळतो. ड्रायडनला तो करारपत्राने मिळाला. माझ्यासारख्याला यातलं काहीच नाही. उत्तराच्या जवळ जाणारी गोष्ट मला सापडली ती पंजाबीत.

2008 पासून कॅनडात 'हॉकी नाइट इन कॅनडा'चं पंजाबी समालोचन सुरू झालं. अल्बर्टातल्या ब्रूक्स या छोट्या गावात वाढलेला हरनारायण सिंग सुरुवातीला दर आठवड्याला पदरचे पैसे घालून कॅल्गरीहून टोरंटोला विमानाने जाई. त्याच्या पंजाबीत स्लॅप शॉट 'चपेड शॉट' झाला आणि पक म्हणजे ती काळी रबरी चकती 'टिक्की' झाली, खायची असते तीच. 2016 च्या फायनलच्या पहिल्या सामन्यात पिट्सबर्गच्या निक बोनिनोने विजयी गोल केला तेव्हा हरनारायणने त्याचं नाव ज्या सुरात, जितक्यांदा उच्चारलं, ते ऐकून पंजाबीचं अक्षर न कळणारे लोकही वेडे झाले. कप जिंकल्यावर पिट्सबर्गने पंजाबी समालोचकांना विजयोत्सवाला बोलावलं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं. कारिएच्या आईसमोर फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून तिने फॉर्म बाजूला सारून आपल्या भाषेत पत्र लिहिलं. ते वाचलं गेलं नाही, किंवा चुकीचं वाचलं गेलं. हरनारायण सिंगने तेच केलं. दुसऱ्यांचा खेळ, दुसऱ्यांची लीग, आणि समोर ठेवलेल्या शब्दांऐवजी आपले शब्द. यावेळी पत्र पोचलं. हुर्यो, काचा, निदर्शनं याशिवायही संघावर हक्क सांगता येतो, तो असा. इथे कुणाला बाकावर बसवावं लागत नाही.

म्हणून 'द हॉकी स्वेटर'वरचं माझं मत सांगायचं तर: ही विसाव्या शतकातली खेळाबद्दलची सर्वांत चांगली छोटी गोष्ट आहे असं मला वाटतं, आणि तिच्या लाडाने तिचं नुकसान केलंय. नोटेवर छापलेली गोष्ट सुटे पैसे देतात तशी हातातून हातात जाते, कुणी थांबून वाचत नाही. तिला तिचं जुनं, किळसवाण्या पानाचं नाव परत द्यायला हवं. आणि वाचताना मस्यू ईटनइतकंच कप्तानाकडे आणि पाद्रीबाबांकडे नीट बघायला हवं. खास करून आपण कुठल्याही संघाचे चाहते असू तर.

कार्टूनपट दहा मिनिटांचा आहे आणि नॅशनल फिल्म बोर्डाच्या साइटवर फुकट बघता येतो. माझं ऐकाल तर आधी फ्रेंच बघा, काही कळलं नाही तरी. त्यानंतर इंग्रजी. आई टेबलाशी बसून कॅटलॉगचा फॉर्म बाजूला ठेवते आणि कोरा कागद पुढे ओढते, त्या जागी दोन्हींत काय फरक वाटतो ते बघा.